बाईकखाली हिरवं पाणी, कूलंट नेमकं कुठून गळतंय?

मुलुंड_चेकनाका:

मंडळी, जरा अडलोय, बाईकवाल्यांनी बघा प्लीज. माझी 200 सीसीची लिक्विड कूल्ड (इंजिन थंड ठेवायला आत कूलंट फिरतं) बाईक आहे, पाचेक वर्षं जुनी, रनिंग 40 हजाराच्या वर. रोज मुलुंड ते बीकेसी, एलबीएस रोडवरूनच, म्हणजे सोनापूरपासून कुर्ला डेपोपर्यंत फर्स्ट-सेकंड, फर्स्ट-सेकंड. गेले काही आठवडे सकाळी पार्किंगमधून गाडी काढताना खाली पेव्हर ब्लॉकवर हिरवट ओल दिसते, इंजिनच्या उजव्या बाजूला. आधी वाटलं पावसाचं पाणी असेल पण हात लावला तर चिकट लागतंय आणि वास गोडसर. कूलंटची छोटी टाकी मिनिममच्या खाली गेलेली असते, भरली की आठवड्याभरात परत तेच. टेम्परेचरच्या पट्ट्या नेहमी मध्यावर असायच्या, आता कमानीच्या सिग्नलला उभं राहिलं की वर चढतात आणि फॅन बंदच होत नाही.

एका गॅरेजमध्ये दाखवली तर त्याने टाकीत नळाचं पाणी ओतलं आणि म्हणाला रेडिएटर गेला, नवीन टाकावा लागेल. भाव ऐकून पोटात गोळा आला. दुसरा म्हणतो रेडिएटर काढायची गरज नाही, लीक बंद करायची पावडर टाकू. मी टॉर्च मारून बघितलं तर रेडिएटरच्या जाळीच्या दोन-चार पात्या वाकल्यात पण जाळी कोरडी आहे. कोणाचं ऐकू? आणि तोपर्यंत ऑफिसला गाडी नेऊ की ट्रेनने जाऊ?

रेंच_नंबर_दहा:

रेडिएटर अजिबात घेऊ नकोस. आधी गळती डोळ्यांनी दिसू दे, मग पार्टचं बघू. टाकी रिकामी होते म्हणजे रेडिएटरच गेला असं काही नसतं. कॅप, होस पाइपांची टोकं, थर्मोस्टॅटचं (इंजिन तापलं की कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व) हाऊसिंग, वॉटर पंप, ड्रेन बोल्टखालचा वॉशर, खुद्द त्या प्लास्टिकच्या टाकीला गेलेली चीर, एवढ्या जागा आहेत आणि यातल्या बऱ्याचशा किरकोळ खर्चात मिटतात. जाळी कोरडी आहे हे तू स्वतःच बघितलंस ना, मग कोरड्या वस्तूवर पैसे कशाला घालायचे.

पहिलं काम, आणि हे गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण थंड झाल्यावरच करायचं, गरम इंजिनवर रेडिएटरची कॅप कधीही उघडायची नाही, उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं. थंड असताना कॅप उघड आणि बघ रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला आहे का. हे कोणी बघतच नाही, सगळे फक्त टाकी बघतात. टाकी भरलेली आणि रेडिएटर मात्र खाली असेल तर दोष बहुतेक कॅपचा. ती कॅप म्हणजे कुकरच्या शिट्टीसारखी आहे. इंजिन तापलं की कूलंट फुगतं, कॅपची स्प्रिंग ते दाबून धरते, तिच्यावर लिहिलेलं असतं बघ 1.1 किंवा तत्सम, ते प्रेशर, बारमध्ये. त्याच्यावर प्रेशर गेलं की जादाचं कूलंट टाकीत सोडते, आणि रात्री थंड झालं की तिच्याच मधल्या छोट्या व्हॉल्वमधून ते परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. तो छोटा व्हॉल्व अडकला किंवा रबर कडक झालं की बाहेर गेलेलं परत येत नाही. स्प्रिंग ढिली झाली तर अजून वाईट, कारण अर्धं पाणी अर्धं ग्लायकोल (कूलंटमधलं मुख्य रसायन) असं कूलंट उघड्यावर 107-108 डिग्रीला उकळतं, प्रेशरखाली तेच सव्वाशेच्या आसपास जातं. प्रेशर धरलं नाही की कमानीच्या सिग्नलला ते उकळणारच. कॅप स्वस्त असते, रबर चिरलेलं दिसलं तर सरळ बदल, पण आकडा तोच असलेली घे.

आता लीक शोधायचा. इंजिन थंड असताना त्या बाजूला साधं पाणी आणि शॅम्पू लावून ब्रशने धू, प्रेशर वॉशर जाळीवर मारू नकोस, पात्या आडव्या होतात आणि हवा जायची बंद होते. फडक्याने पूर्ण कोरडं कर. मग घरातली टाल्कम पावडर सगळ्या जोडांवर भुरभुरव, पाइपांच्या क्लिपा, पंपाचं कव्हर, पंपाच्या खालचा भाग. खाली स्वच्छ पुठ्ठा. गाडी स्टँडवर लावून फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेव, बंद कर, आणि तिथेच बस. खरी गंमत गाडी थंड होताना असते, रबर आणि अॅल्युमिनियम वेगवेगळं आकसतं त्यामुळे कितीतरी लीक गरम असताना दिसतच नाहीत, रात्री गळतात. पावडरवर कूलंटची रेघ लगेच उमटते. त्यातली सगळ्यात वरची ओली जागा ती खरी, खालचं सगळं ओघळलेलं. चालत्या गाडीत वारा थेंबांना मागे ढकलतो, त्यामुळे मागे ओलं दिसलं तरी उगम पुढे शोध.

हेड पॅकिंग, म्हणजे सिलिंडर आणि हेडच्या मधलं पॅकिंग, गेलंय का ही शंका काढून टाकायची तर थंड असताना कॅप उघडी ठेवून इंजिन चालू कर. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा चालेल, पण एकसारखे बुडबुडे येत राहिले तर विषय गंभीर. इंजिनवर ऑइलची लेव्हल दाखवणारी छोटी काच असते, तिच्यातून बघ, ऑइल दुधाळ झालं असेल तर गाडी चालवूच नकोस. फक्त एक लक्षात ठेव, पावसाळ्यात कमी अंतर चालणाऱ्या गाडीच्या ऑइल कॅपला आतून थोडा पांढरा साय-साय थर येतो, ती हवेतली वाफ असते, त्यावरून घाबरायचं नाही. काचेतलं ऑइल काय सांगतंय ते बघ.

ऑफिसचं म्हणशील तर, थेंब थेंब असेल आणि रोज सकाळी थंड असताना लेव्हल बघत असशील तर थोडे दिवस चालेल, डिकीत डिस्टिल्ड वॉटरची बाटली ठेव. धार लागली, शेवटची पट्टी आली किंवा लाल दिवा लागला तर बाजूला घे आणि इंजिन बंद. आणि मागच्या टायरवर कूलंट उडत नाहीये ना ते बघ, ग्लायकोल भयंकर निसरडं असतं, बऱ्याच रेस ट्रॅकवर याच कारणाने ग्लायकोलचं कूलंट चालत नाही. टायर ओला दिसला तर ट्रेन.

कल्याण_स्लो:

एवढं कशाला करायचं भाऊ, मला कसारा घाटात दगड लागून रेडिएटरला बारीक भोक पडलं होतं, ढाब्यावर थांबून एम-सील (मळून लावायची लांबी) लावलं आणि गाडी घरी आली. लीक जिथे दिसेल तिथे एम-सील, विषय संपला. ती लीक बंद करायची पावडर पण लोक टाकतात, चालते.

रेंच_नंबर_दहा:

@कल्याण_स्लो घाटात अडकल्यावर एम-सील बरोबरच होतं, घरी पोचायला तेवढं पुरेसं असतं. नंतर रेडिएटरची ती भोक पडलेली नळी टिग वेल्डिंगने भरून घ्यावी, अॅल्युमिनियम रेडिएटर दुरुस्त करणारे आहेत. पण पावडरला माझा ठाम विरोध. बाईकच्या रेडिएटरच्या नळ्या आधीच इतक्या बारीक, ती पावडर भोक आणि नळी यात फरक करत नाही, जिथे अरुंद जागा तिथे बसते. आज गळती थांबली असं वाटेल आणि पुढच्या मे महिन्यात गाडी तापायला लागेल, मग खरंच रेडिएटर बदलावा लागेल.

लालबागची_स्वार:

गाडीचं हे लोक सांगतायत ते बरोबरच आहे, मी दुसरंच सांगायला आलेय आणि कृपया हे मनावर घ्या. ते खाली सांडलेलं कूलंट रोज धुवून काढा, लगेच, तसंच ठेवू नका. त्यात एथिलीन ग्लायकोल असतं, चवीला गोड, सोसायटीतली मांजरं आणि कुत्री चाटतात. मांजराला तर अगदी थोडंसं पुरतं, आधी दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं, मग थोडं बरं झाल्यासारखं वाटतं आणि मग किडन्या जातात. ते मधलं बरं वाटणं फसवं असतं. आमच्या चाळीच्या मागे गाड्या लागतात तिथे एक पिल्लू असंच गेलं, कोणाच्या लक्षातच आलं नाही काय झालं ते. चाटताना दिसलं तर वाट बघू नका, उचला आणि डॉक्टरकडे न्या, परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, तुमच्या जवळ कोणी असेल तर त्याहून बरं, पण पहिल्या काही तासांतच उपचार झाला तर उपयोग. डॉक्टरला 'कूलंट चाटलंय' हे स्पष्ट सांगा. आधी माती किंवा लाकडाचा भुसा टाकून टिपून घ्या, तो भुसा पिशवीत बांधून टाका, मग भरपूर पाण्याने जागा धुवा. आणि उरलेलं कूलंट पाण्याच्या जुन्या बाटलीत ठेवू नका, घरात लहान मुलं असतात.

मुलुंड_चेकनाका:

सगळ्यांना खूप धन्यवाद, @लालबागची_स्वार ताई तुमचं खास, आमच्या पार्किंगमध्ये मांजरीची पिल्लं आहेत, हे मला माहीतच नव्हतं. वॉचमन काकांना पण सांगितलं, आता पुठ्ठा आणि ट्रे ठेवतो खाली.

तर रविवारी बसलो. थंड असताना कॅप उघडली, रेडिएटर गळ्यापर्यंत नव्हता, बोटभर खाली होता, पण टाकी पण खाली होती. कॅपचं रबर ठीक वाटलं. बुडबुडे नाहीत, ऑइल स्वच्छ. मग धुतलं, पुसलं, पावडर मारली. पाइपांच्या दोन्ही क्लिपा कोरड्या. फॅन लागला, बंद झाला, काहीच नाही. गाडी बंद करून टॉर्च घेऊन बसलो तर जरा वेळाने वॉटर पंपाच्या कव्हरच्या मागे, इंजिनच्या केसिंगला खालच्या बाजूला एक बारीक भोक आहे, पेन्सिलचं टोक जाईल एवढं, त्याच्या कडेला हिरवट पांढरा खरपुडा साचलेला, तिथे एक थेंब तयार व्हायला लागला. हळूहळू फुगला, पावडरमधून रेघ ओढत खाली आला आणि पुठ्ठ्यावर पडला. मग दुसरा. बाकी सगळीकडे पावडर जशीच्या तशी. हे भोक तिथे मुळातच असतं की गंज लागून पडलंय? कारण अगदी गोल आहे.

कल्याण_स्लो:

मिळालं ना भोक, आता बुजवून टाक.

रेंच_नंबर_दहा:

बुजवायचं नाही!! कोणीही वाचत असेल तर हे पक्कं डोक्यात ठेवा, ते भोक कंपनीनेच ठेवलेलं असतं, त्याला वीप होल म्हणतात. पंपाच्या शाफ्टवर दोन सील असतात. एका बाजूला कूलंट, ते अडवायला मेकॅनिकल सील. दुसऱ्या बाजूला इंजिन ऑइल, ते अडवायला ऑइल सील. दोघांच्या मधे रिकामी जागा आणि त्या जागेतून बाहेर येणारं हे भोक. कोणताही सील गेला तरी जे काही झिरपतं ते बाहेर पडावं, आत जाऊ नये, एवढ्यासाठी ते आहे. तुझ्याकडे कूलंट येतंय म्हणजे मेकॅनिकल सील गेला. आता ते भोक एम-सीलने बंद केलं की कूलंटला बाहेर वाट नाही, मग ते ऑइल सील ओलांडून इंजिन ऑइलमध्ये उतरणार, आणि आज जे काम दोन सील आणि एका पॅकिंगमध्ये होतंय ते उद्या बेअरिंग आणि क्रँकपर्यंत जाईल.

आता काम करून घेताना काय बघायचं ते सांगतो, कारण हे काम करायला अवघड नाही पण घाईत बिघडतं. या क्लासच्या बऱ्याच गाड्यांत पंपाचा शाफ्ट काढायला उजवं क्लच कव्हर उघडावं लागतं, म्हणजे ऑइलही काढावं लागणार. ऑइल चेंज जवळ आला असेल तर त्याच वेळी कर. दोन्ही सील एकदम बदल, फक्त गेलेला नाही, मजुरी तीच आहे. क्लच कव्हरचं पॅकिंग नवीन, पंप कव्हरचा ओ-रिंग नवीन, ड्रेन बोल्टचा तांब्याचा वॉशर नवीन.

शाफ्ट बाहेर आला की हातात घे आणि सील बसतो तिथे नख फिरव. नखाला खाच लागली तर शाफ्टही बदलायचा, नाहीतर नवीन सील थोड्याच दिवसांत परत गळेल. मेकॅनिकल सीलच्या घासणाऱ्या दोन चकत्या असतात, एक कार्बनची आणि एक सिरॅमिकची, अगदी आरशासारख्या सपाट. त्यांना ग्रीस नको, ऑइलचा हात नको. सील हातोडीने ठोकून बसवू देऊ नकोस, बाहेरच्या कडेवर बरोबर बसेल असा सॉकेट घेऊन सरळ दाबायचा. जुनं पॅकिंग खरवडताना पेचकस लावू देऊ नकोस, अॅल्युमिनियमला ओरखडा गेला की तिथून ऑइल पाझरतं. आणि त्या छोट्या 6 एमएमच्या बोल्टांना ताकद लावायची नाही, 10 न्यूटन मीटरच्या आसपास बास असतं, मॅन्युअलमध्ये तुझ्या गाडीचा आकडा असेल तो घे.

कूलंट भरताना, आधीच्या मिस्त्रीने नळाचं पाणी टाकलंय ना, ते सगळं काढून डिस्टिल्ड वॉटरने एकदा धुवून घे. नळाच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात, शिवाय कूलंटमधलं गंज अडवणारं रसायन पातळ होतं. नवीन घेताना अॅल्युमिनियम इंजिनला चालणारं, सिलिकेट नसलेलं तयार मिक्स घे, बाईकच्या पंप सीलला ते बरं. रंगावर जाऊ नकोस, हिरवं, निळं, गुलाबी हा फक्त कंपनीने घातलेला रंग आहे, डब्यावर काय लिहिलंय ते वाच.

हवा काढणं हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच लोक टाळतात. कॅप उघडी, हळूहळू भरायचं, गाडी डावीकडे उजवीकडे झुकवायची, पाइप हाताने दाबायचे, बुडबुडे येतात ते दिसतात. थंड इंजिन चालू करायचं, थर्मोस्टॅट उघडला की लेव्हल एकदम खाली जाते, परत भरायचं, आणि तापून वर यायच्या आत कॅप लावून टाकायची. हवा काढायचा वेगळा बोल्ट असेल तर आधी तो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना परत लेव्हल बघायची.

शेवटी प्रेशर टेस्ट मागून घे. हातपंप असतो, कॅपच्या जागी लागतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारून बघ, तुझ्या रस्त्यातच आहे. कॅपवर लिहिलंय तेवढंच प्रेशर द्यायचं, जास्त नाही, आणि काटा पाच-दहा मिनिटं हलता कामा नये.

मुलुंड_चेकनाका:

काम झालं! भांडुपच्या एका ओळखीच्या मिस्त्रीकडे केलं, पूर्ण वेळ बाजूला उभा होतो, त्यांनीही हरकत घेतली नाही, उलट एकेक पार्ट हातात देऊन दाखवला. जुन्या सीलच्या कार्बनच्या चकतीवर गोल चर पडलेली स्पष्ट दिसत होती आणि एका जागी टवका उडालेला. शाफ्टवर नख फिरवलं, गुळगुळीत, म्हणून शाफ्ट तोच ठेवला. दोन्ही सील, पॅकिंग, ओ-रिंग, वॉशर सगळं नवीन. आतून निघालेलं पाणी हिरवं कमी आणि गढूळ जास्त होतं. प्रेशर टेस्टला काटा जागचा हलला नाही. सगळं धरून खर्च रेडिएटरच्या भावाच्या पाव हिस्सासुद्धा आला नाही.

त्यानंतर धो धो पावसात कुर्ल्याला पाणी भरलं होतं तेव्हा तासभर तुंबलेल्या ट्रॅफिकमध्ये होतो, पट्ट्या मध्यावर, फॅन लागतो आणि बंद होतो. पुठ्ठा रोज बघतोय, कोरडा. @रेंच_नंबर_दहा दादा, तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, खरंच मनापासून आभार.

ठाणे_पूर्व:

धागा फार कामाचा आहे. माझं पण विचारतो, वेगळा उघडत नाही. माझ्या गाडीला त्याच भोकातून थेंब येतात पण हिरवं नाही, तपकिरी आणि तेलकट. कूलंटची लेव्हल अगदी बरोबर आहे. हा पण तोच सील का?

रेंच_नंबर_दहा:

नाही, तुझा दुसऱ्या बाजूचा, ऑइल सील गेलाय. काम तेच, उघडायचं तेवढंच, आणि उघडलंच आहे तर मेकॅनिकल सीलही बदलून टाक. तोपर्यंत ऑइलची लेव्हल दर दोन दिवसांनी बघ, गाडी सरळ उभी धरून, एका बाजूला कललेली असताना काचेत चुकीची दिसते. आणि थेंब सायलेन्सरच्या पाइपवर किंवा मागच्या टायरवर पडत असतील तर थांबू नकोस, याच आठवड्यात उरकून घे.